तिळारीचा कर्णा आणि माझा नियम

तिळारीहून परत आल्याला इतके महिने झाले, तरी जबलपूरच्या आमच्या खमरियात कोणी भेटलं की विचारतं, "दीदी, जंगल में क्या क्या देखा?" मी आकडा सांगते. पक्षी एकशे चार, फुलपाखरं त्रेसष्ट. लोक वा वा करतात आणि आपल्या वाटेनं जातात. आकडा खरा आहे, त्यात खोट नाही. पण त्यात एक पक्षी नाही, आणि तो काहून नाही हे मला कोणीच विचारत नाही. विचारत नाहीत ते बरंच आहे म्हणा, तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती. म्हणून लिहून टाकते.

गेलो दोघीच होतो, मी आणि कुमुद. मी तिथल्या दारूगोळा फॅक्टरीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, ती फॅक्टरीच्या ऑफिसात होती. आमचे क्वार्टर एकाला एक लागून. वीस वर्षं दर रविवारी आम्ही गळ्यात दुर्बीण अडकवून इस्टेटीच्या मागच्या जंगलात जात आलो. आधी लोक हसले, मग सवय झाली, मग चार-दोन जण मागे यायला लागले आणि त्याचा एक ग्रुप झाला. ग्रुपचे नियम मी केले. मास्तरीणच ना मी, नियम केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

मागच्या वर्षी कुमुदच्या डोळ्यांचं निघालं. पडदा कडेकडेनं वाळत आत येतो, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं नाही, आणि सावलीत तर काहीच नाही. वर्षभरात बरंचसं जाईल, मनाची तयारी ठेवा म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी तिचा हात धरून रडले, ती नाही रडली. सिवनी मागे पडल्यावर म्हणाली, "मंदा, मला कर्णा दाखव. बाकी जे जाईल ते जाऊ दे."

कर्णा हा पक्षी आमच्याकडे नाही. आमचं जंगल सागाचं, उन्हाळ्यात पार खडखडीत. कर्णा राहतो सह्याद्रीतल्या सदाहरित रानात, जिथं भर दुपारी संध्याकाळ असते. काळं डोकं, गळ्याखाली पांढरी पट्टी आणि पोट असं लाल की पुस्तकातलं चित्र छापणाऱ्याचा हात सुटला असेल असं वाटावं. कुमुदच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरमधून कापलेला कर्णा कितीतरी वर्षं चिकटवलेला आहे. जाऊ, जाऊ म्हणत आम्ही कधी गेलो नाही. तिच्या सासूचं आजारपण, माझ्या बोर्डाच्या परीक्षा, काही ना काही निघायचंच.

हिंदीवाल्या दोघी

होळी झाली आणि निघालो. जबलपूरहून कोइम्बतूरला जाणारी आठवड्याची गाडी कोकणातून जाते, तिनं कुडाळला उतरलो आणि जीप करून तिळारीच्या बाजूला गेलो. गाडीतल्या दीड दिवसाचं काही सांगत नाही, त्यात कोणाला रस असणार?

जिथं उतरलो त्या घरच्या बाईंनी दारातच विचारलं, "खंयसून इलात?" जबलपूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमी हिंदीवाले! पण तुमचा मराठी बरा आसा हां."

घ्या! मला असा राग आला म्हणता. माझे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत नर्मदेकडे आले तेव्हापासून घरात मराठी टिकवली, पोरांना दटावून दटावून बोलायला लावली, ती हे ऐकायला? जबलपुरात आम्हाला मराठे म्हणतात आणि महाराष्ट्रात हिंदीवाले. कुमुद मात्र खो खो हसली. "अरे यार मंदा, खरंच तर म्हणून राहिल्या त्या. तू जीपवाल्याला भैया भैया करत आली ना."

जेवणात उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि सोलकढी. सांबार म्हटल्यावर मी इडली शोधत बसले होते, ते वेगळंच निघालं. नारळ वाटून केलेली दाट, तिखट उसळ. मी दोनदा मागून घेतली. सकाळी घावणे. आमच्याकडे सकाळ म्हणजे पोहे आणि जलेबी. इथे नाश्त्याला गोडाचं नाव नाही याचं कुमुदला फार वाईट वाटलं. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नारळाच्या रसात गूळ घालून दिला. माझ्यासाठी कोणी काही केलं नाही, कारण मी तोंड वाकडं करून बसले होते.

आमचा वाटाड्या रामाभाऊ, त्याच बाईंचा नवरा, चाळिशीचा माणूस, आधी काजूच्या बागेत राखणीला होता. पहिल्या सकाळी त्यानं आम्हाला ओढ्याच्या कडेनं आत नेलं. उन्हातून त्या रानात पाय टाकला आणि कुमुद थांबली. "मंदा, लाईट गेले," ती म्हणाली. मला समोर हिरवा अंधार दिसत होता, झाडांची खोडं, वेत, वर कुठेतरी भोकाभोकातून पडणारं ऊन. तिला काहीच दिसत नव्हतं. मी तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही आगगाडीसारख्या चालायला लागलो. मुळाला ठेचकाळून ती एकदा गुडघ्यावर पडली. सलवार फाटली आणि गुडघा सोलला. हळद मागितली तर रामाभाऊनं कसलासा पाला चोळून लावला.

तरी त्या दिवशी तिला बरंच मिळालं. ओढ्याच्या वाळूवर ऊन होतं तिथं फुलपाखरं चिखलातलं पाणी शोषायला बसली होती, निळी, पिवळी, पन्नास-साठ एका जागी. कुमुद वाळूवर पालथी झोपली आणि नळीतून बघावं तसं एकेक बघत गेली. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, पंखांचा आवाज अगदी इंजिनानं वाफ सोडावी तसा. तो तिनं ऐकला. शीळकरी कस्तूर तर पहाटेपासून सुस्त माणसानं शीळ घालावी तशी घालत होता. "कानांचं बरं आहे," ती म्हणाली, "कानांना डॉक्टर नाही लागला अजून."

कर्णाही ऐकला. दूर, खाली दरीच्या बाजूला, क्याव क्याव क्याव. कुमुदनं माझा खांदा इतका जोरात दाबला की वळ उठला.

खेकडा

आता माझं सांगते. मलाही एक हवं होतं. ब्लू नवाब नावाचं फुलपाखरू. आमच्या जंगलात त्याचा भाऊबंद आहे, साधा नवाब, तो मी पाहिलेला. पण निळा आमच्याकडे नाही, तो या डोंगरांत, आणि तोही झाडांच्या शेंड्यावर. खाली उतरतो तो एकाच गोष्टीला, कुजलेल्या मांसाला. राजासारखं रूप आणि खाणं हे असं.

दुसऱ्या दिवशी रामाभाऊनं खेकडे आणले. चार दिवस मडक्यात कुजवलेले, ठेचलेले. झाकण काढल्याबरोबर मी, जिच्या घरात अंडंसुद्धा शिजलं नाही ती, नाक दाबून मागे सरले. त्यानं ते दगडावर फासले आणि आम्हाला वीस पावलांवर बसवलं. दोन तास बसलो. कुमुद नाकाला रुमाल लावून बसली होती. मला ऊन लागू नये म्हणून तिनं एका हातात छत्री धरली होती, कारण माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात. त्या दोन तासांत एकदाही म्हणाली नाही की चल.

साडेअकराच्या सुमाराला तो आला. मी नऊ फोटो काढले. पंखांवरचा निळा पट्टा, मागच्या दोन शेपट्या, सगळं स्वच्छ. मी लहान पोरीसारखी नाचले. कुमुद विचारत होती, "कुठे आहे गं? कोणत्या दगडावर?" मी बोट दाखवीपर्यंत तो उडाला होता. "असू दे," ती म्हणाली, "तुझा झाला ना. माझा उद्या."

त्या क्षणी मला वाटलं नाही की आपण आमिष लावून काम करून घेतलंय. नियमात आमिषाचं काही लिहिलेलं नव्हतं. नियम मीच लिहिले होते ना.

तिसरी सकाळ

नियम काय होता तोही सांगते, म्हणजे तुम्हाला मला बोल लावता येईल. काही वर्षांपूर्वी खमरियाच्या नाल्यापाशी नवरंग पक्ष्यांची जोडी होती. शाळेच्या पोरांना दाखवायला मी मोबाईलवर नवरंगाची रेकॉर्ड केलेली साद लावली. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून नर चवताळून खाली आला. पोरं खूश, मी खूश. अर्धा तास लावत राहिले. पुढच्या रविवारी गेलो तर घरटं विस्कटलेलं आणि खाली पिल्लांना मुंग्या लागलेल्या. साद लावल्यामुळेच झालं की कशानं, देवाला ठाऊक. पण त्या दिवसापासून ग्रुपच्या वहीत पहिल्या पानावर मी लिहिलं: साद लावायची नाही, कोणीही, कधीही, कोणासाठीही. त्यानंतर मी डुमन्याच्या जंगलात स्पीकर घेऊन आलेल्या लोकांशी भांडले, एकाचा मोबाईल हिसकावून घेतला. माझं नाव त्यानंच झालं.

तिसऱ्या सकाळी रामाभाऊ आम्हाला दरीकडच्या एका मोकळ्या जागी घेऊन गेला. तिथं एक झाड पडलेलं, त्यामुळे वरून ऊन खाली येत होतं. समोर दहा-बारा हातांवर एक आडवी फांदी, तीवर उजेड. "बाईनू, हंय उभी रवा," तो म्हणाला. "तो हंयच आसा. पण गप बसता, दाट झाडीत पाठ करून. आवाज लावलो तर पाच मिनटांत ह्या फांदयेर येतलो."

त्याचा विचार अगदी बरोबर होता. कर्णा सावलीत तासन् तास न हलता बसतो, आणि सावलीत कुमुद आंधळी. तिला तो दिसायचा तर उजेडात, जवळ, समोरच यायला हवा होता. ही एकच फांदी तशी होती. त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"नाही," मी म्हटलं.

"बाई, घरटा नाय हा अजून. माका म्हायती आसा. मी रोज येतंय हंय."

"तुम्हाला काय माहिती? हा मोसमच घरट्यांचा आहे. आम्ही साद लावत नाही."

"एकदाच लावतंय. त्या बाईंका दिसाक व्हयो ना."

मी त्याला भाषण दिलं. त्या झाडीत उभी राहून, शाळेतल्यासारखं. तुमचं जंगल आहे, तुम्हीच असं करायला लागलात तर कसं व्हायचं, वगैरे. बिचाऱ्यानं मोबाईल खिशात घातला. मग कुमुद बोलली, अगदी हळू.

"मंदा, एक वेळ वाजवू दे ना. एकच वेळ."

वीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साखरसुद्धा मागायला यायची तर वाटी भरून काही घेऊन यायची.

"कुमुद, तूच असं म्हणून राहिली? नवरंगाची पिल्लं विसरली का?"

"नाही विसरली."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली. "चलो, बसू या. आपोआप आला तर आला."

आम्ही सव्वा तास बसलो. तो दोनदा बोलला, अगदी जवळून. मला एकदा पानांच्या आड तांबूस काहीतरी दिसलंही असेल, मी सांगितलं नाही.

आणि मग पलीकडच्या वाटेनं चौघे कॅमेरेवाले आले. त्यांच्या वाटाड्यानं काही न विचारता साद लावली. क्याव क्याव, मोठ्या आवाजात. आमच्या झाडीतून काहीतरी भुर्रकन् त्या बाजूला गेलं आणि पाठोपाठ शटरचा कडकडाट, "अरे काय बसलाय! बघ, बघ!" दोनशे पावलंसुद्धा नव्हती. रामाभाऊ उठला. "बाईनू, चला, थंय उन्हात बसलो आसा."

कुमुद उभी राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवायला तिनं हात पुढे केला. "मंदा, आपण नाही वाजवलं. ते वाजवून राहिले. बघायला काय हरकत आहे?"

काही हरकत नव्हती. आज सांगते, काडीची हरकत नव्हती. पक्षी आलेला होता, व्हायचं ते होऊन गेलं होतं, आम्हाला फक्त चालत जायचं होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. त्या लोकांपुढे, रामाभाऊपुढे, आत्ताच भाषण दिलेल्या तोंडानं मी तिकडे जाऊन उभी राहू? मी म्हटलं, "त्यांच्या पापात वाटा घ्यायला मी नाही येणार. तुला जायचं तर जा."

तुला जायचं तर जा! माझ्या खांद्याशिवाय तिला त्या सावलीत चार पावलं टाकता येत नव्हती, हे मला माहीत होतं. रामाभाऊनं तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, आणि खाली बसली.

तिचा हा स्वभाव मला वीस वर्षं सोयीचा वाटत आला होता. जी मैत्रीण 'बरं' म्हणते तिच्याशी मैत्री टिकते, असं मी लोकांना सांगायची सुद्धा.

चौथ्या दिवशी ऊन पडलं नाही, ढग होते. पाचव्या दिवशी परत निघालो. रामाभाऊनं निघताना माझा नंबर घेतला आणि माझ्याशी बोलला नाही, कुमुदशी बोलला. त्याच्या बायकोनं तिला कोकमाची बाटली दिली. ती फुटेल म्हणून कुमुदनं कुडाळपासून जबलपूरपर्यंत मांडीवर धरली.

खमरिया

परत आल्यावर ग्रुपनं माझं भाषण ठेवलं. मी नवाबाचे नऊ फोटो दाखवले आणि मग कर्ण्याचं सांगितलं: साद लावायला नकार दिला, पक्षी न बघता परत आलो. टाळ्या झाल्या. एक रिटायर्ड साहेब उठून म्हणाले, याला म्हणतात निष्ठा. खेकड्याचं मी बोलले नाही, त्या चौघांकडे जाऊ न दिल्याचंही नाही. कुमुद पहिल्या रांगेत होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघून हसली. तिला तेवढंच पुरेसं आहे असं मी समजले, म्हणजे तसं समजायचं ठरवलं.

पावसाळ्यात तिचं फार वेगानं गेलं. रविवारचं येणं बंद झालं. मी संध्याकाळी तिच्याकडे जाते, भाजी निवडून देते, काय दिसलं ते सांगते. तिळारीचा विषय ती काढत नाही. मी एकदा काढला. माफी मागायची म्हणून सुरुवात केली तर म्हणाली, "अगं, तू चुकली कुठे? नियमच होता ना आपला." आपला म्हणाली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी रामाभाऊचा व्हिडिओ आला. त्याच मोकळ्या जागेतली ती फांदी, त्यावर कर्णा, अगदी समोर तोंड करून, लाल पोट उन्हात. वर लिहिलेलं: त्या बाईंना दाखवा. आपोआप आला, आवाज लावला नाही. मी चपला घालायच्या आधी निघाले, तशीच अनवाणी तिच्या दारात.

तिला पलंगावर बसवलं, खिडकी उघडली, फोन तिच्या हातात दिला. "कर्णा आहे, कुमुद. आपल्या जागेवरचा." तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग एका बाजूला, मग दुसऱ्या. नळीच्या तोंडाशी फोनचा तो पडदा येत नव्हता. व्हिडिओ संपला, मी पुन्हा लावला. पुन्हा संपला. मी सांगत होते, "डावीकडे घे, आता थोडं वर, लाल दिसतंय का, लाल?" ती शोधत होती. कपाळावर घाम आला तिच्या.

मग ती थांबली. फोन स्थिर धरला, आणि तिचा चेहरा असा खुलला, असा खुलला, की मला हुंदका आला.

"दिसला गं!" ती म्हणाली. "काय लाल आहे! बघ, तू उगाच मनाला लावून घेतलं होतं. दिसला ना शेवटी मला."

मी तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं. पडदा केव्हाच विझला होता, काळा ठिक्कर.

"हो," मी म्हटलं. "सुंदर आहे ना?"

"फार सुंदर," कुमुद म्हणाली, आणि त्या काळ्या काचेकडे बघत माझ्यासाठी हसत राहिली.